वीचॅटवरचा लाल लिफाफा: किती, कुणाला, कसा आणि परतफेड केव्हा

चांदणवेल

चीनमध्ये एमबीबीएस करणारी, शांघाय-शेंझेनच्या कंपन्यांबरोबर रोज काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत. चिनी नववर्ष जवळ आलं की तेच प्रश्न पुन्हा येतात. वीचॅटच्या (गप्पा आणि पैशांचे व्यवहार दोन्ही चालणारं चिनी ॲप) ग्रुपवर लाल लिफाफा, म्हणजे शुभप्रसंगी भेट दिलेले पैसे, पडला, उघडायचा का? उघडला तर लगेच काही परत पाठवायचं का? सहकाऱ्याच्या लग्नाला किती द्यायचे? उत्तरं सुटी सुटी सापडतात, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

सुरुवात साधनांपासून करते, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. वीचॅटवर माणसाने माणसाला पैसे देण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

एक होंगबाव, म्हणजे लाल लिफाफा. एका माणसाला एका लिफाफ्यात जास्तीत जास्त 200 युआन. उघडेपर्यंत आत किती आहेत ते घेणाऱ्याला दिसत नाही. वर लाल रंग आणि ‘गोंगशी फात्साय, ताची ताली’ ही ठरलेली ओळ. भरभराट होवो, सगळं शुभ होवो, असा तिचा अर्थ. ती पुसून स्वतःची ओळ लिहिता येते.

दुसरा मार्ग च्वानजांग, म्हणजे साधं ट्रान्सफर. यात आकडा उघडा दिसतो आणि घेणाऱ्याला ‘स्वीकारा’ दाबावं लागतं. 200 च्या वरची रक्कम इथूनच जाते.

दोन्हींत 24 तासांत घेतलं नाही तर पैसे आपोआप परत फिरतात. हा 24 तासांचा नियम नीट लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच अवलंबून आहे.

ग्रुपमधल्या होंगबावचे तीन प्रकार आहेत. ‘पिन शौछी’ म्हणजे नशिबाचा लिफाफा: एकूण रक्कम आणि पाकिटांची संख्या तुम्ही ठरवायची, कुणाला किती मिळेल ते यंत्र ठरवतं. साध्या प्रकारात प्रत्येकाला सारखी रक्कम मिळते. तिसरा एका ठरावीक माणसाच्या नावाचा. ग्रुपमध्ये सगळ्यांना तो दिसतो, पण उघडता फक्त त्यालाच येतो. एका वेळी जास्तीत जास्त 100 पाकिटं करता येतात. ग्रुप मात्र 500 जणांचा असू शकतो, त्यामुळे मोठ्या ग्रुपात कुणी ना कुणी रिकाम्या हाती राहणारच. त्यासाठीचा शब्द ‘छियांग’ आहे, म्हणजे झडप घालून मिळवणं.

---

हिशेबनीस

उत्तम धागा, चांदणवेल ताई. नशिबाच्या लिफाफ्याचं गणित सांगतो, कारण रक्कम ठरवताना ते कामाला येतं.

वीचॅटच्या अभियंत्यांनी पूर्वी जाहीर केलेली पद्धत अशी: पाकीट उघडण्याच्या क्षणी उरलेली रक्कम भागिले उरलेली पाकिटं ही सरासरी काढायची, आणि 0.01 युआनपासून त्या सरासरीच्या दुपटीपर्यंत कुठलाही आकडा उचलायचा. शेवटच्याला उरलेलं सगळं.

उदाहरण घ्या. 100 युआन, 10 पाकिटं. पहिल्याला 0.01 ते 20 च्या मधलं काहीही. समजा त्याला 18 मिळाले. उरले 82, पाकिटं 9, सरासरी 9.11, म्हणून दुसऱ्याची कमाल मर्यादा 18.22. सरासरी अपेक्षा सगळ्यांची सारखीच, 10 युआन. फक्त मागून येणाऱ्यांच्या वाट्याला चढउतार थोडा जास्त. ‘पहिला झडप घालणारा जास्त नेतो’ हा समज चुकीचा आहे. पहिल्याचा फायदा एवढाच की त्याला पाकीट नक्की मिळतं.

लिफाफा स्क्रीनवर दिसणं आणि त्यातले पैसे मिळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. म्हणून लिफाफ्यावर बोट ठेवल्यावरही ‘हात हळू पडला, लिफाफे संपले’ असा संदेश येऊ शकतो. नेट बिघडलंय असं समजून पुन्हा पुन्हा दाबू नका, मधल्या सेकंदात संपलेलं असतं.

आता चूक कुठे होते. 10 युआन 50 पाकिटांत टाकले तर सरासरी 20 फन, आणि काहींच्या हाती 1 फन येतो. (1 युआन म्हणजे 100 फन.) यादीत प्रत्येकाच्या नावासमोर आकडा दिसतो, तेव्हा 1 फन मिळालेला माणूस सगळ्यांसमोर 1 फनचा होतो. तीसएक जणांच्या ग्रुपात 66 युआन, 20 पाकिटं, हे माझ्या मते बरं प्रमाण आहे. सरासरी 3.30. कुणी 5 नेतं, कुणी 40 फन, दहा माणसं हुकतात आणि गंमत राहते. सगळे पैसे वाटून संपले की सर्वात मोठा आकडा मिळालेल्यावर ‘नशीब सर्वोत्तम’ अशी खूण येते. पुष्कळ ग्रुपांत पुढचा लिफाफा त्यानेच टाकायचा असा रिवाज असतो. भाग घेण्याआधी ग्रुपात हा रिवाज आहे का ते पाहून घ्या.

---

रानपाखरू

प्रश्न: फक्त घेत राहिलं आणि कधीच टाकलं नाही तर?

---

चांदणवेल

नाव खराब होतं. ग्रुपमध्ये एरवी गप्प बसून फक्त लिफाफ्यासाठी वर येणाऱ्यांना ‘पाण्याखाली राहणारे’ म्हणतात. उपाय सोपा: उघडला की लगेच आभाराचं स्टिकर, आणि सणाच्या काळात एकदा तरी आपला छोटासा लिफाफा. रक्कम मोठी नको. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी 500 युआन उधळले तर जुन्यांना अवघडल्यासारखं होतं, कारण त्यांनाही तेवढ्याला उतरावं लागतं.

---

घाटवाट

थोडं मागे जाऊन सांगतो, म्हणजे आजची पद्धत का अशी ते कळेल.

मूळ रिवाज यासुईछ्यान. वर्षाच्या शेवटच्या रात्री वडीलधाऱ्यांनी मुलांना द्यायचे पैसे. ‘सुई’ या उच्चाराचे दोन शब्द आहेत, एक वर्ष आणि एक अपशकुनी भूत. भुताला दाबून ठेवणारे पैसे, असा जुना अर्थ. पूर्वी लाल दोऱ्यात ओवलेली नाणी असत, नंतर लाल कागद, मग छापील पाकिटं. पैसा वरून खाली जात असे: आजोबांकडून नातवाकडे, मालकाकडून नोकराकडे. ग्वांगडोंग आणि हाँगकाँगमध्ये याला लायसी म्हणतात, आणि तिथे रेघ लग्नावर आखलेली आहे. लग्न झालेल्यांनी न झालेल्यांना द्यायचं, मग वय काहीही असो. तिथल्या रकमाही लहान असतात. हाँगकाँगमध्ये इमारतीच्या रखवालदाराला 20 डॉलरचं पाकीट नेहमीचं.

वीचॅटने जानेवारी 2014 मध्ये होंगबाव आणला, तोवर ‘बरोबरीच्याने बरोबरीच्यांना’ ही दिशा फारशी नव्हतीच. शाळासोबती, सहकारी, एका इमारतीतले शेजारी एकमेकांना पाकिटं देऊ लागले ते फोनमुळे. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. रिवाज उभा होता, तो आडवा झाला.

पहिल्या वर्षी वर्षअखेरच्या रात्रीपासून आठव्या दिवसापर्यंत 80 लाख लोकांनी 4 कोटींहून अधिक लिफाफे घेतले, सरासरी 10 युआनचे. आतले पैसे बँकेत न्यायचे तर वीचॅटला कार्ड जोडावं लागे. अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी या हल्ल्याची तुलना पर्ल हार्बरशी केली होती ती याचमुळे. त्यांच्या अलीपे या पैशांच्या ॲपला जे कार्डांचं जाळं उभारायला वर्षं लागली, ते समोरचा सणाच्या आठवड्यात उभारू लागला होता.

18 फेब्रुवारी 2015 च्या रात्री सीसीटीव्ही या चीनच्या सरकारी वाहिनीच्या नववर्षाच्या कार्यक्रमात ‘फोन हलवा आणि लिफाफा मिळवा’ असा खेळ ठेवला. प्रायोजकांचे 50 कोटी युआन वाटले गेले, आणि ऐन गर्दीत मिनिटाला 81 कोटी वेळा फोन हलवले गेले. घराघरात टीव्ही समोर चालू आणि माणसं फोन हलवताहेत, असं चित्र होतं. एकत्र जेवणाच्या रात्री प्रत्येकाची मान खाली, ही तक्रार तेव्हापासूनची.

अलीपेचं उत्तर 2016 मध्ये आलं: पाच ‘फू’ (सुदैवाची) कार्डं जमवा. दहा नवे मित्र जोडले की तीन कार्डं मिळत. पैसे वाटण्यापेक्षा माणसांची नाती आपल्या ॲपवर आणणं हा त्यामागचा खरा हेतू. पाचवं कार्ड इतकं दुर्मिळ ठेवलं की अखेर 7,91,405 जणांनाच पाची जमली. 21.5 कोटी युआन त्यांच्यात वाटले, प्रत्येकी 271.66. पण कार्डांसाठी जोडलेल्या मित्रांशी लोक अलीपेवर गप्पा मारायला गेले नाहीत. गप्पा वीचॅटवरच राहिल्या, आणि लिफाफाही.

---

हिशेबनीस

घाटवाट, छान मांडलंत. आकड्यांबद्दल लिहितो, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं.

6 म्हणजे सुरळीत, 8 म्हणजे भरभराट, 9 म्हणजे दीर्घकाळ. म्हणून 6.66, 8.88, 66, 88, 168, 188. 4 टाळायचा, कारण उच्चार ‘मृत्यू’च्या जवळचा. 250 कधीच नाही, तो ‘मूर्ख’ या अर्थाचा शब्द आहे, 2.50 पण नाही. बाईमाणसाला 38 नाही, तीही शिवी आहे.

5.20, 52, 520 हे आकडे फक्त प्रेमातल्या माणसाला. उच्चार ‘वो आय नी’शी (माझं तुझ्यावर प्रेम आहे) जुळवतात, आणि म्हणून 20 मे हा दिवसच त्या नावाने साजरा होतो. त्या दिवशी वीचॅट लिफाफ्याची मर्यादा 200 वरून 520 करत आलं आहे. 13.14 किंवा 1314 म्हणजे जन्मभर. सहकारी मुलीला ‘गोल आकडा नको’ म्हणून सहज 5.20 पाठवले तर काय गोंधळ होईल ते सांगायला नको.

लग्नाला सम आकडा: 600, 800, 1000, 1200, 1600, 1800. 400 नाही.

आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: 101, 501, 1001 ही आपली आहेराची सवय तिकडे नेऊ नका. आपल्याकडे वरचा एक रुपया शुभ, पाकिटावर तो चिकटवूनच मिळतो. हाँगकाँगमध्ये शेवटी 1 येणारी रक्कम दुखवट्याला देतात, 101, 201, 501 अशी. जोडी पूर्ण होऊ नये, दुःख दुसऱ्यांदा येऊ नये हा त्यामागचा भाव. लग्नात 501 दिले तर घेणारा गप्प राहील, पण लक्षात ठेवील.

---

मोरपंखी

हिशेबनीस, एक दुरुस्ती. शेवटचा 1 सरसकट अशुभ नाही. चीनच्या मुख्य भूमीवर पुष्कळ ठिकाणी 1001 आणि 10001 हे आकडे शुभ मानतात. 10001 म्हणजे ‘दहा हजारांतून निवडलेली एक’. मात्र ते सासरच्यांनी नव्या सुनेला द्यायचे, म्हणजे वाङ्निश्चयात किंवा ती पहिल्यांदा ‘आई, बाबा’ अशी हाक मारते तेव्हा. त्या पैशाला नावच ‘हाक बदलण्याचे पैसे’ असं आहे. पाहुण्याने किंवा सहकाऱ्याने तो आकडा वापरायचा नाही. तुमचा सल्ला पाहुण्यांसाठी बरोबरच.

अजून एक, कारण ही चूक झाली तर भरून निघत नाही: दुखवट्यात वीचॅटचा होंगबाव पाठवू नका, रक्कम बरोबर असली तरी. लिफाफा लाल असतो आणि त्यावर आपोआप ‘भरभराट होवो’ येतं. प्रत्यक्षात तिथे पांढरं पाकीट असतं. फोनवरून द्यायचेच असतील तर साधं ट्रान्सफर, विषम रक्कम, आणि टीप म्हणून ‘च्ये आय’, म्हणजे दुःख आवरा. ट्रान्सफर करण्याआधी दोन ओळी लिहा. पैसे आधी आणि शब्द मागून, असं होऊ नये.

---

हिशेबनीस

मोरपंखी, धन्यवाद, सासरच्या बाजूची ही सूट मी सांगायला हवी होती.

---

रानपाखरू

लग्नाची रक्कम 200 च्या वर जाणार. मग 200 चे चार-पाच होंगबाव पाठवायचे की सरळ ट्रान्सफर?

---

चांदणवेल

दोन्ही चालतं. ट्रान्सफर बरं, पण दोन गोष्टी पाळा.

पहिली, टिपेत पूर्ण नाव आणि ‘शिनहुन ख्वायलो’ (नवविवाहितांना शुभेच्छा). वीचॅटवर लोकांची नावं टोपणनावं असतात, आणि मुलाच्या आईवडिलांना ती ओळखता येत नाहीत. हे का महत्त्वाचं, तर लग्नाच्या मांडवात दाराशी एक टेबल असतं, त्यावर लाल कव्हराची वही, ‘लीबू’. आपल्या आहेराच्या वहीची सख्खी बहीण. आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि रक्कम त्यात उतरते. फोनवरून आलेले पैसेही नंतर त्याच वहीत लिहितात. टिपेत नाव नसेल तर तुमची नोंद ‘पांढरा ढग’ किंवा ‘उनाड मांजर’ अशी काहीतरी होते, आणि दहा वर्षांनी तुमच्या घरच्या कार्याला कुणी वही उघडली तर तुम्ही तिच्यात नसता.

दुसरी, ट्रान्सफरला उशिरा पोहोचण्याची सोय आहे: ताबडतोब, 2 तासांनी किंवा 24 तासांनी. अनोळखी व्यवहारात ती उपयोगी. लग्नाच्या आहेराला ‘ताबडतोब’ ठेवा. वाटेत अडकलेला आहेर अविश्वासासारखा दिसतो.

---

घाटवाट

वहीचा विषय निघाला म्हणून मूळ मुद्द्यावर येतो.

रनछिंग हा शब्द नीट समजला की बाकीचं बरंच उलगडतं. शब्दशः माणुसकीचा भाव, पण व्यवहारात तो एक धागा असतो, देणं आणि येणं मिळून. ‘ली शांग वांग लाय’, म्हणजे रीत ये-जा करणारी असते, हे ‘लीजी’ या प्राचीन ग्रंथातलं वचन आजही रोज बोलताना येतं. त्याच्यापुढचं वाक्य तर जास्त कडक आहे: आलं आणि गेलं नाही, तर ती रीतच नव्हे.

म्हणून लगेच फेडणं हा अपमान ठरतो. सहकाऱ्याने खाजगीत 88 चा होंगबाव पाठवला आणि तुम्ही पाच मिनिटांत 88 परत पाठवले, तर त्याचा अर्थ ‘तुमचा माझा हिशेब मिटला’. धागा तिथेच तुटला. बरोबर रीत अशी: घ्या, आभार माना, आणि त्याच्या घरच्या पुढच्या प्रसंगी थोडे वाढवून द्या. 500 आले असतील तर 600 किंवा 800. वाढवलेला हिस्सा व्याज नसतो. त्यामुळे दुसरी बाजू पुन्हा देणेकरी होते आणि नातं चालू राहतं. फार वाढवूही नका. दुप्पट-तिप्पट दिलंत तर पुढच्याला फेडणं जड जातं, आणि त्याची म्यांत्झ, म्हणजे चारचौघांतली पत, अडचणीत येते.

वडीलधाऱ्यांना हे फेडायचं नसतं. आजीने नातवाला दिलेल्या पैशाची परतफेड म्हणजे पुढे नातवाने तिच्यासाठी करायचं ते.

---

मोरपंखी

नकाराची रीत पण लिहूया. पूर्वी पाकीट पुढे-मागे ढकललं जाई: ‘नको नको’, ‘अहो घ्या’. दोन-तीनदा झालं की घेतलं जाई. ट्रान्सफरमध्ये ते ढकलणं 24 तासांत पसरतं. घेणारा ‘स्वीकारा’ दाबत नाही. पाठवणारा संध्याकाळी लिहितो, ‘घ्या ना, लहानशी गोष्ट आहे’. तरीही न दाबलं तर पैसे आपोआप परत जातात, कुणी ‘नाही’ म्हटलेलंच नसतं. खूप सभ्य मार्ग आहे. ‘परत करा’ हे बटण आहे, पण ते दाबलं तर सोबत ओळ हवी: ‘शिन-यी लिंग ल’, भावना पोहोचली.

होंगबावमध्ये ही सोय कमी. रक्कम बघायची तर उघडावा लागतो, आणि उघडला की घेतला. म्हणून ज्याचं घेणं योग्य नाही असं वाटतं त्याचा लिफाफा उघडूच नका.

आणि ग्रुपात दुसऱ्याच्या वाढदिवसासाठी टाकलेला साधा होंगबाव चुकून तुम्ही उघडलात, तर तेवढीच रक्कम फन-फन मोजून त्याला लगेच पाठवा. लगेच फेडणं योग्य ठरतं असा प्रसंग माझ्या मते हा एकच. टाकणाऱ्याने अशा वेळी नावाचा लिफाफा वापरला तर हा प्रश्नच येत नाही.

---

कायदेकानू

कायद्याची बाजू थोडक्यात. नातं बिघडल्यावर हेच संदेश न्यायालयात जातात.

प्रेमसंबंध तुटले की पैसे परत मागितले जातात. 520, 1314 असे आकडे, किंवा सणावाराच्या छोट्या रकमा, यांना न्यायालयं सहसा प्रेमाने दिलेली भेट मानतात आणि परत द्यायला लावत नाहीत. उलट गोल मोठी रक्कम, टिपेत काही नाही, आणि लग्नाचं बोलणं झालेलं, अशा वेळी ते ‘त्सायली’, म्हणजे लग्नाचं देणं, की कर्ज की भेट यावर वाद होतो. सर्वोच्च जन न्यायालयाचा त्सायलीबद्दलचा अर्थनिर्णय 1 फेब्रुवारी 2024 पासून लागू आहे. सण-वाढदिवसाच्या लहान भेटी त्सायलीत धरायच्या नाहीत असं त्यात स्पष्ट आहे. म्हणून उसने दिले असतील तर टिपेत ‘उसने’ लिहा, आणि भेट असेल तर ‘भेट’. होंगबावमधून कर्ज देऊ नका. लिफाफा म्हटलं की तो भेटीचाच दिसतो.

मुलांचे पैसे. यासुईछ्यान कागदी पाकिटात मुलाच्या हातात पडायचा. आता तो आईच्या फोनवर येतो आणि किराण्यात जातो. नागरी संहितेनुसार मुलाची मालमत्ता मुलाचीच, पालकाने ती मुलाच्या हितासाठीच वापरायची. मुलाच्या खात्यात वळवून ठेवणं आणि कुणाकडून किती आले ते लिहून ठेवणं उत्तम. आईबाप विभक्त झाल्यावर हे पैसे मुलाला परत द्यायला लावल्याची प्रकरणं झाली आहेत.

जुगार. ‘सर्वोत्तम नशीब असलेल्याने पुढचा टाकायचा’ हा खेळ छोट्या रकमेत, ओळखीत असेल तर खेळच. पण शेवटच्या आकड्यावर पैज, ठरलेली भरपाई, आणि ग्रुप चालवणाऱ्याचा त्यात वाटा असेल तर तो जुगारअड्डा. सर्वोच्च जन न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक खटल्यांपैकी 105 आणि 106 क्रमांकाचे खटले याच गुन्ह्याचे आहेत. ‘सुरुंग शोधा’ असं नाव असलेल्या अनोळखी ग्रुपात कुणी जोडलं तर लगेच बाहेर पडा.

कर: नातलग-मित्रांत दिलेल्या लिफाफ्यावर आयकर नाही, हे कर प्रशासनाने 2015 मध्येच स्पष्ट केलं. कंपनी जाहिरातीसाठी वाटते त्यावर 20 टक्के.

---

रानपाखरू

एमबीबीएसवाल्यांसाठी: शिक्षकदिनी, 10 सप्टेंबरला, प्राध्यापकांना छोटा होंगबाव पाठवला तर चालतं का?

---

कायदेकानू

नाही. शिक्षकांनी विद्यार्थी-पालकांकडून भेटवस्तू किंवा पैसे घेऊ नयेत असा शिक्षण मंत्रालयाचा जुलै 2014 चा नियम आहे. पाठवलात तर अडचणीत ते येतात. शुभेच्छा लिहा, तेवढं पुरे.

इस्पितळात तर आणखी जपा. डॉक्टरांनी रुग्णाकडून होंगबाव घेऊ नये, हे आरोग्य खात्याच्या 2013 च्या नऊ मनाईंत होतं, आणि त्यांच्या जागी 2021 मध्ये आलेल्या नऊ नियमांतही आहे. इंटर्नशिपमध्ये रुग्णाच्या नातलगाने वीचॅटवर जोडून लिफाफा पाठवला तर उघडू नका, 24 तास जाऊ द्या, आणि वरिष्ठांना सांगून ठेवा. सरकारी अधिकाऱ्यांनाही हेच लागू. कम्युनिस्ट पक्षाच्या शिस्तपालन आयोगाने इलेक्ट्रॉनिक लिफाफाही लिफाफाच, असं वारंवार बजावलं आहे. कागदी पाकिटाला साक्षीदार लागतो. फोनवरच्याची वेळ, रक्कम, नाव सगळं नोंदलेलं असतं.

---

हिशेबनीस

कंपनीतलं राहिलं. साहेबाने ग्रुपात टाकलेला लिफाफा बिनधास्त घ्या, तो सगळ्यांसाठीच असतो. सुट्टीनंतर पहिल्या कामाच्या दिवशीचा तर घ्यायलाच हवा, न घेणं रुसल्यासारखं दिसतं. पण तुम्ही साहेबाला खाजगीत पाठवू नका, लांगूलचालन दिसतं. ग्रुपात सगळ्यांसाठी टाका, साहेबाने त्यातून 1.70 नेले तर ते सगळ्यांना आवडतं.

पैशांची तांत्रिक बाजू: मिळालेले पैसे वीचॅटच्या ‘लिंगछ्यान’मध्ये, म्हणजे सुट्ट्या पैशांत, राहतात. तिथून पुढे पाठवायला शुल्क नाही. बँकेत न्यायला मार्च 2016 पासून एकूण 1000 युआनपर्यंत फुकट, पुढे 0.1 टक्के, किमान 0.1 युआन. म्हणून बहुतेक लोक काढतच नाहीत. आलेला लिफाफा पुढच्या लिफाफ्यात जातो.

परदेशी कार्ड जोडून दुकानात पैसे देता येतात, 200 युआनपर्यंत शुल्काशिवाय, वर 3 टक्के. पण होंगबाव पाठवायचा तर खरं नाव पडताळलेलं खातं आणि चिनी बँकेचं कार्ड लागेल असंच धरून चला. विद्यार्थ्यांनी बँक खातं उघडलं की पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, दोन्हीकडे द्यावं. आडनाव आधी की नंतर एवढ्यावरून पडताळणी अडते.

---

मोरपंखी

आणि फसवणूक. होंगबाव *घ्यायला* पासवर्ड कधीच लागत नाही. पासवर्ड, कोड, फोन नंबर मागणारा ‘लिफाफा’ म्हणजे फक्त लाल चित्र लावलेली लिंक. दुसरा प्रकार: ओळखीच्या माणसाचा फोटो आणि नाव लावलेलं नवं खातं ट्रान्सफर मागतं. आवाजी कॉल करून खात्री करा. एकदा पोहोचलेले पैसे ॲप परत आणून देत नाही.

---

रानपाखरू

शेवटचं विचारते. भारतातून काम करणाऱ्यांचं काय? इथे वीचॅट जून 2020 पासून बंद आहे.

---

चांदणवेल

इथून लिफाफा पाठवता येत नाही, आणि चिनी सहकाऱ्यांना ते माहीत असतं, तेव्हा कुणी वाईट वाटून घेत नाही. जे ॲप दोघांकडे चालतं त्यावर वेळेवर शुभेच्छा द्या. बीजिंगची मध्यरात्र म्हणजे आपली रात्रीची साडेनऊ, उद्या सकाळी लिहू म्हटलं तर तिकडे दुपार होऊन जाते. 2027 चं नववर्ष 6 फेब्रुवारीला आहे, म्हणजे संदेश 5 ला रात्री साडेनऊच्या सुमारास. शुभेच्छांना मुदत पंधराव्या दिवसापर्यंत, कंदिलांच्या सणापर्यंत असते, तो 20 फेब्रुवारीला.

आणि पुढे कधी प्रत्यक्ष भेट झाली आणि त्यांची मुलं सोबत असली, तर लाल पाकिटात कोऱ्या नोटा, दोन्ही हातांनी, मुलाच्या हातात. मूल ते समोर उघडणार नाही, तसंच शिकवलेलं असतं. तुम्हीही ‘उघड, बघ’ म्हणू नका.